ट्रेलरची ती बारीक लाल तार नेमकी कशाला बांधायची?

माझ्या मावसभावाने सामान हलवायला दोन दिवसांसाठी ट्रेलर भाड्याने घेतला. जोडणी झाली, दिव्यांची वायर सॉकेटमध्ये बसली आणि दांड्याखाली लोंबणारी एक लाल तार तेवढी उरली. पेन्सिलीहून बारीक, वर प्लॅस्टिकचं आवरण, टोकाला छोटासा हुक. "दादा, ही कुठे अडकवायची?" त्याने फोन करून विचारलं. ट्रेलर देणाऱ्याने सांगितलं होतं, बॉलवर टाका. शेजारी म्हणाला, बंपरखाली मिळेल तिथे अडकव. आणखी एकाने तर सांगून टाकलं, एवढीशी तार दीड टनाचा ट्रेलर थोडीच धरणार आहे, राहू दे लोंबत.

तिघांची उत्तरं वेगळी, पण तिन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच. ट्रेलर सुटला तर ही तार त्याला धरून ठेवणार, असं तिघांनीही गृहीत धरलं होतं. ती त्यासाठी नाहीच. तिचं काम एकदा नीट कळलं, की ती कुठे बांधायची आणि कुठे अजिबात बांधायची नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही.

तार ट्रेलरला धरत नाही, ब्रेक ओढते

आधी दोन-तीन नावं सांगून घेतो. गाडीच्या मागे जी लोखंडी चौकट घट्ट बसवलेली असते ती टो बार. तिच्यावरचा गोल गोळा म्हणजे टो बॉल. युरोपात त्याचा व्यास ५० मिलिमीटर असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला असलेली आणि त्या गोळ्यावर टोपीसारखी बसणारी वस्तू म्हणजे कपलिंग. आणि आपली लाल तार म्हणजे ब्रेकअवे केबल. यापुढे तिला नुसती तार म्हणू.

या तारेचं मागचं टोक ट्रेलरच्या हँडब्रेकला जोडलेलं असतं आणि पुढचं टोक आपण गाडीला जोडायचं असतं. सगळं ठीक असेल तेव्हा ती नुसती सैल लोंबते, काही करत नाही. धावता धावता कपलिंग गोळ्यावरून निसटलं, की गाडी पुढे आणि ट्रेलर मागे राहू लागतो. अंतर वाढतं, तार ताठ होते आणि ट्रेलरचा हँडब्रेक खस्सकन वर ओढला जातो. ब्रेक लागला की तारेचं काम संपलं. पुढच्याच क्षणी ती तुटते, किंवा तिच्यातली किल्ल्यांच्या रिंगसारखी कडी उघडून सुटते. गाडी पुढे निघून जाते आणि ट्रेलर स्वतःच्या ब्रेकवर मागे थांबतो.

व्यायामशाळेतली ट्रेडमिल आठवून पाहा. तिला एक दोरी असते. एक टोक यंत्रात चुंबकाने चिकटलेलं, दुसरं तुमच्या सदऱ्याला चिमट्याने लावलेलं. तुम्ही घसरलात की दोरी ओढली जाते, चुंबक निघतो आणि पट्टा थांबतो. ती दोरी तुम्हाला पडण्यापासून वाचवत नाही, तिच्यात तेवढी ताकदच नसते. ती फक्त यंत्राला सांगते, माणूस सुटला, थांब. आपली तारही ट्रेलरला एवढंच सांगते.

गाडीपासून सुटल्यावर ट्रेलरचा नेहमीचा ब्रेक का लागत नाही?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच लोकांचा अंदाज चुकतो. ट्रेलरला ब्रेक आहेत ना, मग ते लागतीलच, अशी आपली समजूत असते.

युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला बहुतेक वेळा ओव्हररन ब्रेक असतो. त्याची युक्ती फार सुंदर आहे. गाडीने ब्रेक मारला की ती मंदावते, पण मागचा ट्रेलर आपल्याच वेगात पुढे रेटत राहतो. तो रेटा दांड्याच्या टोकाशी येतो, तिथला सरकता दंड आत दाबला जातो आणि त्या दाबण्यानेच ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. गाडी जितक्या जोरात थांबेल तितका रेटा जास्त आणि तितकाच ब्रेकही जास्त. ना वीज लागते, ना हवा, ना तेलाची नळी.

पण याचा अर्थ असा, की हा ब्रेक गाडीच्या पाठीला डोकं टेकवून चालतो. समोर गाडीच नसेल तर रेटायचं कशाला? ट्रेलर सुटला त्या क्षणी त्याचा नेहमीचा ब्रेक संपला. मागे उरतो फक्त हँडब्रेक, आणि तो ओढायला तिथे माणूस बसलेला नसतो. ती जागा ही तार घेते.

सुटलेल्या ट्रेलरमध्ये केवढा जोर असतो, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. एखादी वस्तू सुमारे २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पडली, की जमिनीवर आदळताना तिचा वेग इतकाच असतो. वजन कितीही असो, हा आकडा बदलत नाही. म्हणजे मोकळा सुटलेला दीड टनाचा ट्रेलर हा आठव्या मजल्यावरून टाकलेला दीड टनाचा ट्रेलरच आहे. फरक इतकाच, की तो खाली न येता आडवा, रस्त्यावरच्या माणसांकडे येतो.

मग तार तुटू कशाला द्यायची? जाड साखळीच लावू

हा प्रश्न रास्त आहे. घरातल्या फ्यूजची तार मुद्दाम बारीक का असते, याचं उत्तर इथेही लागू पडतं. ती वेळेवर तुटावी म्हणूनच बारीक असते.

समजा तार न तुटणारी आहे. ट्रेलर सुटला, हँडब्रेक लागला, पण ट्रेलर दोन हातांवर गाडीला बांधलेलाच राहिला. त्याच्या दांड्याचं नाक रस्त्यावर घासतंय, तो डावीउजवीकडे हिसके देतोय आणि चालकाने घाबरून ब्रेक मारला तर तो सरळ गाडीच्या पाठीत घुसतोय. शिवाय हा सगळा ताण जिच्यावर येतो ती हँडब्रेकची दांडी मोडली, तर असलेला ब्रेकही गेला. म्हणून तारेला क्रम ठरवून दिलेला आहे: आधी ब्रेक पूर्ण ओढायचा, मग तुटायचं. तिची ताकद ब्रेक ओढायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त, पण दांडी मोडणाऱ्या जोरापेक्षा कमी ठेवलेली असते. तुटल्यावर ब्रेक सुटत नाही. काही ट्रेलरमध्ये दांडी दात्यांवर अडकते, काहींत एका टप्प्यापुढे स्प्रिंग किंवा गॅसचा दट्ट्या तिला उरलेलं अंतर स्वतः ओढून नेतो.

म्हणून तुटलेल्या तारेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली जाडजूड तार किंवा नायलॉनची दोरी बांधू नका. फ्यूजमध्ये खिळा घालण्यासारखं ते काम आहे.

रेल्वेने हे १८८९ मध्ये शिकून घेतलं

"सुटलं की ब्रेक आपोआप लागला पाहिजे" हा विचार मोटारींच्या आधीचा आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडली. इंजिनाला पूर्ण भार ओढवेना, म्हणून गाडी मधून तोडली आणि मागचे डबे तिथेच ठेवून पुढचा भाग नेण्याचं ठरलं. त्या गाडीचे ब्रेक असे होते, की नळीत निर्वात पोकळी तयार केली तरच ते लागत. नळी तोडली आणि मागच्या डब्यांचे ब्रेक गेले. राहिला तो शेवटच्या डब्यातला हँडब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग सुरू होताना किंचित मागे आला, डब्यांना धक्का बसला आणि ते उतारावरून मागे पळत सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं होती.

हे टाळण्याची युक्ती तेव्हा ठाऊक होती, हे वाचताना फार लागतं. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्येच उलटा विचार करून ब्रेक बनवला होता: नळीत हवेचा दाब असेल तोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक घट्ट. डबा सुटला, नळी तुटली, की ब्रेक आपोआप लागणार. आर्माच्या अपघातानंतर त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना असे आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

ट्रेलरची लाल तार ही त्याच विचाराची सगळ्यात साधी आवृत्ती आहे. हवा नाही, पंप नाही, एक तार आणि एक दांडी.

आता मुख्य प्रश्न: बांधायची कशाला?

एकच कसोटी लावा. ट्रेलर ज्या ज्या प्रकारे सुटू शकतो, त्या प्रत्येक प्रकारात गाडीसोबत राहील अशा वस्तूला तार बांधलेली हवी. जे स्वतःच सुटू शकतं, त्याला तार बांधून उपयोग नाही.

या कसोटीवर "बॉलवर टाका" हा सल्ला तपासू. तारेचा फास करून तो गोळ्यावरून खाली, त्याच्या मानेत, म्हणजे गोळा ज्यावर उभा असतो त्या दांडीवर सोडतात. दिसायला पक्कं दिसतं. पण जो फास गोळ्यावरून खाली सरकला, तो वरही सरकू शकतो. कपलिंग उसळून निघताना तार वरच्या दिशेने ओढली गेली, की फास गोळ्यावरून निघून हातात येतो. हँडब्रेक जागचा हललेलाही नसतो.

दुसरा धोका अनेकांच्या ध्यानातच येत नाही. आज पुष्कळ गाड्यांना काढता-घालता येणारा टो बॉल असतो. काम नसलं की गोळा मानेसकट काढून ठेवायचा आणि लागेल तेव्हा खोबणीत बसवायचा. तो नीट लॉक झाला नाही, तर कपलिंग गोळ्याला घट्ट धरून राहतं आणि गोळाच मानेसकट गाडीतून उपसून येतो. तार त्या मानेला बांधलेली असेल तर? गोळा ट्रेलरसोबत, मान ट्रेलरसोबत, तारेची दोन्ही टोकं ट्रेलरसोबत. ती ताठ होणार कशी? ट्रेडमिलची दोरी सदऱ्याऐवजी ट्रेडमिलच्याच कठड्याला लावण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून पहिली पसंती कायमच टो बारच्या स्थिर भागाला. गाडीखाली वाकून पाहा. बहुतेक टो बारवर गोळ्याच्या बाजूला, चौकटीच्या पट्टीत एक भोक असतं किंवा जाड सळईची वेल्ड केलेली कडी असते. ती नेमकी याच कामाची. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या देशांत तार अशा स्थिर जागेलाच लावावी लागते, बॉलवर नुसता फास टाकून चालत नाही. ब्रिटनमध्ये ती न जोडता ट्रेलर ओढणं हाच गुन्हा आहे.

जागा सापडली तरी हुक कसा लावायचा, हे हुक पाहून ठरवा. वाकवलेल्या सळईचा, बोटाने सहज दाबला जाणारा हलका हुक असेल, तर तो कडीत थेट अडकवू नका. जोराचा हिसका बसला की तो सरळ होऊन निसटू शकतो. तारेचं टोक कडीतून आरपार न्या, वळवून आणा आणि हुक तारेलाच अडकवा. मग ताण फासावर येतो, हुकाच्या वाकावर नाही. गिर्यारोहक वापरतात तसा जाड, बंद होणारा कॅराबिनर असेल आणि तो थेट लावण्यासाठीच बनवलेला असल्याचं ट्रेलरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल, तर तो कडीत सरळ लावा.

"पण माझ्या टो बारला कडीच नाही"

असंही असतं. मग चौकटीचा असा स्थिर भाग शोधा, ज्याभोवती तार एकदा वळवून परत तिलाच अडकवता येईल आणि जिथून ती घसरणार नाही. धारदार कडेवर नको, नाहीतर तार कापली जाईल.

मान पक्क्या बोल्टची किंवा चौकटीशी एकसंध असेल, तर मानेवर आवळून बसवायची कडी मिळते. तिने फास गोळ्यावरून निघून जाण्याचा धोका टळतो. पण काढता येणाऱ्या गोळ्याच्या मानेवर ती बसवली तर उपसून येण्याचा धोका जसाच्या तसा. तिथे टो बार बसवणाऱ्याकडून चौकटीलाच कडी लावून घ्या. अगदीच काही पर्याय नसेल, तर स्थिर मानेभोवती एकच घट्ट फेरा, हा शेवटचा उपाय. काहीच न बांधण्यापेक्षा तो बरा, पण त्यावर निर्धास्त होऊ नये.

बंपर, नंबर प्लेटची चौकट आणि दिव्यांचा सॉकेट ज्या पातळ पत्र्यावर बसवलेला असतो तो पत्रा, यांना तार कधीच लावू नका. ब्रेक ओढला जाण्याआधी तेच उखडतील.

किती सैल ठेवायची?

तार कपलिंगखालून सरळ मागे जायला हवी. बऱ्याच ट्रेलरना दांड्याखाली तिच्यासाठी एक वेटोळं किंवा कडी असते. तिच्यातूनच तार पुढे आणायची. ती चुकवली तर ओढ तिरपी बसते आणि हँडब्रेक अर्धवटच उचलला जातो. पुढच्या छोट्या चाकाभोवती किंवा विजेच्या वायरीभोवती तिला वेढे देऊ नका.

लांबीचा अंदाज घ्यायला गाडी मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. सगळ्यात तीव्र वळणातही तार ताठ होता कामा नये. ताठ झाली तर चालता चालता हँडब्रेक थोडा थोडा ओढला जाईल, ब्रेक तापतील आणि वास येईपर्यंत तुम्हाला पत्ताही लागणार नाही. दुसऱ्या टोकाला, ती इतकी लांबही नको की रस्त्यावर घासेल. मी एका ट्रेलरची तार हातात घेऊन पाहिली होती. वरून लाल आवरण शाबूत, पण खालच्या बाजूला बोटभर लांबीत प्लॅस्टिक पार झिजून गेलेलं, आत तारेचे पेड चकचकीत उघडे पडलेले आणि त्यातले दोन-तीन तुटून काट्यासारखे उभे राहिलेले. रोज रस्त्याशी घासून घासून ती अर्धी झाली होती. अशी तार ब्रेक ओढण्याआधीच तुटेल.

"साखळीवाले ट्रेलरही असतात की"

असतात, आणि तिथे नियम बरोबर उलटा आहे. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या हलक्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात. ज्याला ब्रेकच नाही त्याचा ब्रेक ओढायचा कसा? तिथे दुसरी जोडणी ट्रेलरला खरोखर धरूनच ठेवावी लागते. त्यामुळे तिथली साखळी किंवा दोर मजबूत हवा आणि इतका आखूड हवा, की सुटल्यावर दांड्याचं नाक जमिनीला टेकणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १३ क्रमांकाच्या नियमात हा फरक स्पष्ट आहे: सुटल्यावर ट्रेलर आपोआप थांबला पाहिजे. दीड टनापर्यंतच्या ट्रेलरना यातून सूट आहे, पण नाक जमिनीला टेकू न देणारी आणि ट्रेलरला थोडीफार दिशा देणारी दुसरी जोडणी असेल तरच.

अमेरिकेत बऱ्याच ट्रेलरना दोन्ही असतात. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून बांधतात, म्हणजे निसटलेलं नाक त्यांच्या झोळीत पडतं. तारेच्या टोकाला तिथे पिन असते. ती निघाली की ट्रेलरवरची बॅटरी विजेचे ब्रेक लावते. व्यावसायिक वाहनांच्या संघीय नियमाप्रमाणे असे ब्रेक निदान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. म्हणून तिथे तारेइतकीच बॅटरीचीही तपासणी करावी लागते.

"जोडणी पक्की असेल तर सुटेलच कशाला?"

खरं आहे, पक्की असेल तर नाही सुटणार. पण ती पक्की वाटते आणि नसते, हेच नेहमीचं कारण. कपलिंग गोळ्यावर नुसतं टेकलेलं असतं, आत अडकलेलं नसतं. वजनामुळे ते बसल्यासारखं दिसतं, सपाट रस्त्यावर दहा-वीस किलोमीटर जातंही आणि पहिल्या मोठ्या गचक्याला उडतं. बऱ्याच कपलिंगवर हिरवी-लाल खूण असते. हिरवी दिसायला हवी. त्याहून भरवशाची परीक्षा म्हणजे जोडल्यावर ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाची मूठ फिरवून दांडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भागही सोबत उचलला गेला, तर कपलिंग आत अडकलंय.

चोरी होऊ नये म्हणून कपलिंगला कुलूप लावणारेही असतात. ते कपलिंगला गोळ्यावर धरून ठेवतं, पण गोळाच खोबणीतून निघाला तर कुलूपही त्याच्याबरोबर जातं.

आणखी एक शंका हमखास येते: ट्रेलर भर रस्त्यात अचानक थांबला तर मागच्यांचं काय? धोका आहेच. पण ब्रेक लागलेला ट्रेलर घासत, धूर काढत त्याच्याच मार्गिकेत किंवा जवळपास थांबण्याची शक्यता जास्त. मोकळा सुटलेला ट्रेलर समोरच्या मार्गिकेत जाईल की पदपथावर, हे कुणीच सांगू शकत नाही.

बदलायची कधी?

एकदा जोरात ओढली गेली की लगेच. ट्रेलर सोडवताना तार काढायची राहिली आणि गाडी पुढे घेतली, असं कुणाच्याही हातून होतं. हँडब्रेक वर येतो, कडी उघडते किंवा तार तुटते. उघडलेली कडी पक्कडीने दाबून परत वापरू नका. तिची ताकद आता पूर्वीची नाही. पेड तुटलेले, आवरण फाटून आत गंज धरलेला किंवा हुकाची जीभ सैल झालेली दिसली, तरीही तार बदला. नवी घेताना तुमच्या ट्रेलरच्या वजनासाठी आणि ब्रेकच्या रचनेसाठी बनवलेलीच घ्या.

मावसभावाला मी हे सगळं फोनवर सांगत बसलो नाही. एवढंच म्हणालो, गोळ्याच्या उजव्या-डाव्या बाजूला चौकटीवर हात फिरव. थोड्या वेळाने त्याने फोटो पाठवला. चिखलाचा थर बोटाने खरवडलेला आणि त्याखाली अंगठा जाईल एवढी लोखंडी कडी. त्याने तार तिच्यातून ओवून हुक परत तारेला लावला होता. मी त्याला गाडी एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून पाहायला सांगितलं. उजवीकडे तार छोट्या चाकाच्या मुठीत अडकत होती, म्हणून त्याने मूठ वर करून घट्ट केली. मगच तो निघाला.